काहिली म्हणजे नक्की काय? आणि हा शब्द आला कुठून?

पारिजात_पुणे
परवाचा किस्सा सांगते मग प्रश्न विचारते. आमची टीम अर्धी पुण्यात अर्धी नोएडात. दुपारी दोनचा कॉल, आमच्याकडे सकाळपासून लाइट गेलेली, इन्व्हर्टरनेही मान टाकलेली, मी टेरेसखालच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. नोएडाच्या साहेबांनी विचारलं कॅमेरा का बंद आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, बहुत काहिली हो रही है." पलीकडे एकदम शांतता. मग साहेब म्हणाले, "चलो, कम से कम सच तो बोला."

मला वाटलं सहानुभूती दाखवतायत. कॉल संपल्यावर लखनौच्या मैत्रिणीनं मेसेज केला की बाई गं, हिंदीत काहिली म्हणजे आळस! काहिल म्हणजे आळशी माणूस! म्हणजे मी अख्ख्या टीमसमोर सांगितलं की मला आज फार आळस आलाय म्हणून तोंड दाखवत नाही.

तर आता प्रश्न. आपल्या काहिलीचा आणि त्या काहिलीचा काही संबंध आहे का? आणि आपली तरी नक्की कशाची? माझी आई उन्हाळ्यातच म्हणते, "काय काहिली होतेय." सासूबाई साताऱ्याच्या, त्या ठेचा जास्त झाला तरी जिवाची काहिली म्हणतात आणि दीर रात्री वेळेवर घरी आला नाही तरी जिवाची काहिलीच. नवरा म्हणतो दोघी चूक, काहिली तापात होते. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगतेय.

खोडरबर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सच तो बोला!! तुमचं अप्रेझल कधी आहे?

वऱ्हाडी_ठेचा
पुण्यात काहिली? किती होतं हो तापमान, ३८? आमच्या अकोल्यात ३८ झालं की माणसं स्वेटर शोधतात.

बाकी आमच्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही. आमचा शब्द एकच, तपन. "कुठी चालला बे तपनीचा?" "लय तपून राह्यलं आज." "तपनीत पोट्टे खेळून राह्यले, बोलाव त्यायले." ऊन म्हणजेही तपन, उष्णता म्हणजेही तपन. काहिली गिहिली पुस्तकात वाचली.

लोकल_८_१२
डोंबिवलीकर हजर. आमचा शब्द उकाडा. आणि मला तो सगळ्यात अचूक वाटतो कारण बटाटा उकडतो तसा माणूस उकडतो, क्रियापद एकच. सकाळच्या गाडीत दारात लटकणारे परतलेले बटाटे आणि आत अडकलेले उकडलेले.

वऱ्हाडीबुवा, तुमचं ४५ आम्हाला सांगू नका. तुमच्याकडे सावलीत गेलं की सुटका. आमच्याकडे सावलीत पण तेच, रात्री पण तेच, आंघोळ करून टॉवेल बाजूला ठेवेपर्यंत परत तेच.

वऱ्हाडी_ठेचा
सावलीत सुटका? या एकदा मे महिन्यात. सावलीत बसा, पंखा लावा, पंखा वरून भट्टीची हवा फेकतो. नळाचं पाणी दुपारी आंघोळीला घेऊ शकत नाही, टाकीत उकळलेलं असते. आमच्याकडे गिझर मे महिन्यात बंद अन् बादली सकाळी भरून ठेवाची, थंड व्हाले.

मावळतीचं_ऊन
आला आला, दरवर्षीचा मुंबई विरुद्ध विदर्भ सामना आला. मी कैरीचं पन्हं घेऊन बसलेय.

भौतिकराव
दोघंही बरोबर आहात, थोडं सायन्स घुसडतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, हा आपला घरचा एसी. हवा कोरडी असेल तर घाम झटकन वाळतो, म्हणून अकोल्यात ४२ ला माणूस भाजतो पण घामाचा उपयोग होतो. मुंबईत हवेत आधीच इतकी वाफ की घाम वाळायला जागाच नाही, तो नुसता ओघळतो, म्हणून ३५ ला जीव जातो. याच कारणानं नागपूरला ताट्यांचा कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर दादरला आणून लावला तर खोलीची भिंत ओली होते, बाकी काही होत नाही. (माझ्या मेव्हण्यानं हे करून बघितलंय. कूलर अजून माळ्यावर आहे.)

हवामान खात्याचे निकषसुद्धा म्हणूनच वेगवेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त हवं, तेव्हा उष्णतेची लाट. किनाऱ्यावर ४० ऐवजी ३७. आणि सरासरी काहीही असो, पारा ४५ ला टेकला की लाट, ४७ ला तीव्र लाट. आणि हे सगळं सावलीतलं, पांढऱ्या जाळीदार पेटीतल्या तापमापकाचं. डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचं तापमान कोणी मोजत नाही.

गण्याभाऊ_नागपूर
तापमापकावरून आठवलं. २०२४ च्या मे अखेरीस आमच्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं! दिवसभर देशभरातून फोन, जिवंत आहे का रे. मग हवामान खात्यानं सांगितलं सेन्सर बिघडला. खरं म्हणजे नागपूरचा विक्रम २०१३ च्या मे मधला ४७.९ चा. पण तो सेन्सर बिघडला नव्हता, त्याले ऊन लागलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नवतपा विसरले का सगळे? २५ मे च्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस नवतपा. आमची आजी नवतपात दुपारी दाराला ओलं गोणपाट लावायची. ते नऊ दिवस चांगले तापले की पाऊस चांगला, अन् नवतपात पाणी पडलं की तिचा चेहरा पडायचा. आम्ही पोरं खुश, ती बसायची "रोहिणी गळली" म्हणत.

मेघदूत९
धागा योग्य ठिकाणी दिसतोय म्हणून विचारतो, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी कोणता घ्यावा? खोली १२ बाय ११, पश्चिमेची भिंत.

खोडरबर
मेघदूत, कृपया. इथे भाषाशास्त्र चालू आहे.

शब्दखोर
चला भाषाशास्त्रच करू. आधी सोपं. ऊन हा शब्द संस्कृत उष्ण वरून, मधे प्राकृतात उण्ह. म्हणून तर आपण "ऊन ऊन भात" म्हणतो, तिथे सूर्याचा संबंध नसतो. जुनी माणसं गरम पाण्याला ऊन पाणीच म्हणतात. आणि उन्हाळा म्हणजे उष्णकाल, झिजून झिजून उन्हाळा झाला, हिमकालाचा हिवाळा झाला तसाच. तपन तर थेट संस्कृत, तिथे त्याचा एक अर्थ सूर्यच. म्हणजे वऱ्हाडी लोक बोलताना आपण गावठी बोलतोय असं लाजतात आणि शब्द काढतात कालिदासाच्या काळचा.

काहिलीचं जरा गुंतागुंतीचं आहे, जेवून येतो.

वऱ्हाडी_ठेचा
कोण लाजते?

खाडीपलीकडे
आमच्या दापोलीजवळ उन्हवरे नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. राजापूरजवळ उन्हाळे, तिथेही तेच. लहानपणी मला वाटायचं तिथे ऊन फार पडतं म्हणून नाव पडलं. शब्दखोरांनी आज पन्नाशीत उलगडा केला, आभारी आहे.

शारजाकर
इथे उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग धरायला कापडी हातमोजे ठेवावे लागतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानंच बंद असतं. आमच्या साइटवर सगळे देश आहेत आणि त्या अडीच तासात शेडमध्ये पडल्या पडल्या प्रत्येक जण आपापल्या भाषेत उन्हाला शिव्या देतो. मी काहिली म्हणतो. बाजूचा पेशावरवाला फोरमन पहिल्यांदा चिडला होता, त्याला वाटलं मी त्याच्या माणसांना आळशी म्हणतोय. पारिजातताई, तुम्ही एकट्या नाही.

पारिजात_पुणे
शारजाकर, हे वाचून फार म्हणजे फार बरं वाटलं.

चिंचेचा_कोळ
माझ्या मते हवेला काहिली म्हणतच नाहीत. हवेचा उकाडा, उन्हाचा चटका, वाऱ्याच्या झळा, माळाची रखरख, आणि काहिली होते ती जिवाची नाहीतर अंगाची. "आज हवेत काहिली आहे" असं म्हणून बघा, कानाला खटकतं. नेहमी "होते". कोणाची तरी होते.

अण्णाभाऊ साठ्यांची "माझी मैना" छक्कड आठवा. त्यात काहिली आहे पण उन्हाचा पत्ता नाही. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस, बायको गावाकडे राहिलेली, तिच्या आठवणीची काहिली. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसात ती मैना म्हणजे बेळगाव कारवार निपाणी झाली. तेव्हा सासूबाईंचा वापर शंभर टक्के बरोबर. दीर घरी आला का वेळेवर?

मावळतीचं_ऊन
चिंचेचा कोळ, "होते" हे निरीक्षण भारी आहे. उकाडा असतो, काहिली होते. अनुमोदन.

निवृत्त_पोस्टमास्तर
आमच्या आईचा शब्द तलखी. मूळ परभणीचे आम्ही. उन्हातून आलं, माठातलं दोन तांबे पाणी प्यालं तरी घशाची कोरड जात नाही, त्याला ती तलखी म्हणायची. सायकलवर टपाल वाटायचो तेव्हा ही तलखी रोज अनुभवली. एका वाड्यातल्या आजी दुपारी पत्र घेताना आधी गुळाचा खडा हातावर ठेवायच्या आणि मग पाणी. नुसतं पाणी कधीच नाही. पत्र नसलं तरी हाक मारायच्या, मास्तर, पत्र नसू दे, पाणी पिऊन जा. हल्ली काहिली आणि तलखी एकच समजतात, पण तलखी पाण्यासाठी असते.

शब्दखोर
जेवून आलो. मास्तर, तलखी फारसीतली. तल्ख म्हणजे कडू, तल्खी म्हणजे कडवटपणा. हिंदी-उर्दूत अजून तोच अर्थ आहे, दोन माणसांमध्ये तल्खी आली म्हणजे संबंध कडवट झाले. आपल्याकडे येता येता ती जिभेवरची कडवट कोरड झाली आणि मग सगळ्या अंगाची तगमग. मराठवाड्यात निजामी अंमल इतकी वर्षं होता, तिथे हा शब्द टिकला यात नवल वाटत नाही.

आता हिंदीतल्या काहिलीचं. ती अरबी-फारसी वाटेनं आलेली, काहिल म्हणजे सुस्त. आपल्या काहिलीशी तिचं नातं नाही, नुसता आवाज सारखा. दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. मेळ्यात हरवलेले तर अजिबात नाहीत.

लोकल_८_१२
मग आपली कोणाची ते सांगा ना. दोन पानं झाली.

बेळगावकर_नाना
मी एक पिल्लू सोडतो. आमच्याकडे घरात मराठी आणि दारात कन्नड. कन्नडमध्ये दूध तापव म्हणायचं तर "हालु कायिसु". कायु म्हणजे तापणे. आणि "कायिले" म्हणजे आजारपण. तमिळमध्ये तापाला, म्हणजे फिव्हरला, काय्च्चल म्हणतात. आता कायिले आणि काहिली शेजारी शेजारी ठेवा. पारिजातबाईंचे यजमान म्हणतात काहिली तापात होते, त्यांना हसू नका. मराठीत कानडीतून आलेले शब्द पोत्यानं आहेत, आपण जिला ताई-अक्का म्हणतो त्यातली अक्का आमचीच.

पारिजात_पुणे
नाना, नवऱ्याला दाखवलं. तो आता सोफ्यावर पाय वर घेऊन बसलाय.

खोडरबर
म्हणजे हिंदीवाली काहिली.

भेंडीचं_पाणी
बराच वेळ वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. पासवर्ड आठवायलाच अर्धा तास गेला.

मी कोल्हापूरकडचा, करवीर तालुका. आमचं गुऱ्हाळ होतं, आजोबांच्या वेळेपासून २००९ पर्यंत. गुऱ्हाळात उसाचा रस ज्यात उकळतात त्या मोठ्या सपाट बुडाच्या कढईला आमच्यात काहील म्हणतात. बोलताना काईल. सात आठ फुटाचा घेर सहज असतो. खाली जमिनीत खोदलेलं चुलवाण, त्यात वाळलेली चिपाडं टाकत राहायची, जाळ एक क्षण कमी होऊ द्यायचा नाही. रस तापाय लागला की मळी वर येते, ती काढायची. रानभेंडीचं झाड ठेचून त्याचं पाणी घालायचं म्हणजे राहिलेली घाण पण वर येते (म्हणून माझं हे नाव, भाजीची भेंडी समजून लोक विचारतात). मग रस दाटतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो, पहिल्यांदा खळखळ आणि नंतर फदफद. गुळव्या आवाजावरनंच ओळखतो. थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटात गोळी करून बघतो आणि मग ओरडतो, त्या ओरडण्यानंतर चार पाच जणांनी मिळून काहील उचलून वाफ्यात ओतायची. तिथे दहा सेकंद उशीर झाला की गूळ काळा पडला. आजोबांनी अशा एका आदणासाठी माझ्या चुलत्याशी चार महिने अबोला धरला होता.

तर सांगायचं हे की चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणारा जो गडी असतो त्याच्या अंगाची जी अवस्था होते ती काहिली. हे मी कोशात वाचलेलं नाही, आमच्या घरात आजी असंच सांगायची, काहिलीपाशी उभं राहिलं की होते ती काहिली. मी कॉलेजच्या सुट्टीत दोन तास जाळ घातलाय. समोरनं छाती भाजते, डोळ्यातलं पाणी वाळतं, घाम आल्याचं कळतच नाही कारण तो येता येताच उडतो, आणि पाठीला मात्र जानेवारीची थंडी. पुढून मे आणि मागून पौष. उन्हात असं होत नाही, उन्हात सगळीकडून भाजतं.

नाना, तुमची कायिले पटतेय पण, आमची सीमा तुमच्याशी लागूनच आहे. कदाचित कढईलाच काहील हे नाव त्या तापवण्यावरून पडलं असेल. तसं असेल तर दोघं एकाच घरात निघालो.

चिंचेचा_कोळ
"पुढून मे आणि मागून पौष." वाक्य चोरतेय.

भौतिकराव
भेंडीसाहेब, पोस्ट अतिशय आवडली, पण एक शंका. गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चपर्यंत संपतं ना? मग थंडीतल्या धंद्यातला शब्द उन्हाळ्याला कसा चिकटला?

भेंडीचं_पाणी
बरोबर विचारलंत. मला वाटतं तो उन्हाळ्याला चिकटलेलाच नाही. वर कोळताईंनी लिहिलंय तसं, ती जिवाची होते. मग समोर जाळ असो, ताप असो, मिरची असो नाहीतर मैना. उन्हाळ्यात सगळ्यांचीच एकदम होते म्हणून आपल्याला ती उन्हाची वाटते.

आणि गंमत बघा, "रस काहिलीत आहे" आणि "मी काहिलीत आहे" ही दोन वाक्यं आमच्या गुऱ्हाळावर एकाच वेळी खरी असायची.

शब्दखोर
"अंगाची लाही लाही" हे याच कुळातलं, लाह्या फोडायच्या कढईतून उठून आलेलं. उकाडा उकडीतून, लाही लाही भट्टीतून, होरपळ निखाऱ्यावरून. उन्हाबद्दल बोलताना मराठी माणूस सगळं सामान स्वयंपाकघरातूनच आणतो. त्यामुळे काहील ते काहिली हे मला पटण्यासारखं आहे. फक्त व्युत्पत्तीत "पटण्यासारखं" हा पुरावा धरत नाहीत, म्हणून नानांची कायिले मी खोडणार नाही. बेळगाव कोल्हापूर मॅच अनिर्णित.

बेळगावकर_नाना
अनिर्णित? हा खटला आमच्या सीमाभागाचा आहे, इतक्यात निकाल लागत नसतो.

डॉक्टरीणबाई
रंगाचा बेरंग करते पण लिहिणं गरजेचं आहे. काहिली, तलखी, तपन काहीही म्हणा पण घरातलं माणूस उन्हातून येऊन असंबद्ध बडबडायला लागलं, चालताना तोल जायला लागला, अंग चटके बसावं इतकं गरम लागलं तर तो उष्माघात समजा. अंगाचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. घाम थांबतो असं सगळे सांगतात पण काम करता करता उष्माघात झालेल्या माणसाला घाम येतही असतो, त्यावर विसंबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, मान काख जांघ इथे बर्फ किंवा ओली फडकी, आणि लगेच दवाखाना. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी याला चालत नाही.

आणि फक्त पारा बघू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात माणसं उष्माघातानं गेली, तिथे पारा काही ४५ ला नव्हता. दमट हवा, डोक्यावर ऊन आणि तासन् तास बसणं. लोकल_८_१२, तुम्ही वर म्हणता ते खरंच आहे, सावली प्रत्येक ठिकाणी पुरत नाही.

गण्याभाऊ_नागपूर
बाई, खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही हे खरं का? आमचे वडील अजून ठेवतात.

डॉक्टरीणबाई
खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. डोक्याला दुपट्टा, पोटात ताक आणि बारा ते चार घरात, हे वडिलांना सांगा. कांदा जेवणात खाऊ द्या.

गण्याभाऊ_नागपूर
सांगितलं. ते म्हणतात, डॉक्टरीणबाई कुठल्या? पुण्याच्या का?

निवृत्त_पोस्टमास्तर
आमच्या बॅगेत पण कांदा असायचा. एकदा पत्रांना वास लागला म्हणून तक्रार झाली होती.

मावळतीचं_ऊन
कोणी "ऊन मी म्हणतंय" चं लिहिलंच नाही. मला हा वाक्प्रचार सगळ्यात आवडतो. दुपारी बाहेर दुसरं कोणी बोलतच नाही, कुत्रं पण गाडीखाली गप्प, फक्त ऊन "मी, मी" म्हणतंय. शाळेत असताना मी हे अक्षरशः ऐकायचा प्रयत्न करायचे. खिडकीत बसून.

खाडीपलीकडे
ऐकू आलं का?

मावळतीचं_ऊन
शेजारच्या गिरणीचा आवाज यायचा.

मेघदूत९
दीड टन नको, पश्चिमेची भिंत आहे तर दोन टन घ्या असं दुकानदार म्हणतोय. कोणीतरी बोला राव. भौतिकराव?

भौतिकराव
१३२ चौरस फुटाला दीड टन पुरे. वरच्या मजल्यावर असाल तर आधी गच्चीला पांढरा चुन्याचा हात द्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा. ऊन काचेच्या आत आलं की मग आतला पडदा फारसं काही करू शकत नाही.

खोडरबर
झालं. धाग्याची गाडी एसीवर गेली. पारिजात, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

पारिजात_पुणे
मिळालं आणि नाही पण. रात्री सासूबाईंना गुऱ्हाळाची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "अगं काईल म्हणजे काईल, यात विचारायचं काय? आमच्या मळ्यात होती की." म्हणजे उत्तर इतकी वर्षं घरातच बसून कैरी किसत होतं आणि मी तुम्हा सगळ्यांना कामाला लावलं. भेंडीचं पाणी, त्या विचारतायत तुमच्याकडे गुळाच्या रव्याला (ढेपेला) काय भाव मिळायचा.

चिंचेचा कोळ, दीर अजून आलेला नाही. साडेअकरा वाजलेत. काहिली चालू आहे.

भेंडीचं_पाणी
त्यांना सांगा, भाव निघत नव्हता म्हणून तर २००९ ला बंद केलं. काहील अजून परड्यात पालथी पडलीय, पावसाळ्यात तिच्याखाली कोंबड्या बसतात.

पारिजात_पुणे
अपडेट, तीन दिवसांनी. आज नोएडात ४४ आणि आमच्या साहेबांच्या बिल्डिंगची लाइट गेली. त्यांचा कॅमेरा बंद. टीमच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज: "पारिजात, आज मुझे आपवाली काहिली हो रही है. थोडी अपनीवाली भी."

वऱ्हाडी_ठेचा
४४ ना? स्वेटर घाला म्हणावं.

मेघदूत९
दीड टनाचा घेतला. उद्या बसवतायत. आज रात्रीचं काय करू?

गण्याभाऊ_नागपूर
भौतिकरावांच्या मेव्हण्याचा कूलर माळ्यावर आहे.